कडा धूसर चालतील

झाकण पडलं तेव्हा मी कप टेबलावर ठेवत होते. ठण्ण झालं, आणि मग स्टीलचं झाकण फरशीवर गरगरताना येतो तसा आवाज येत राहिला, आधी सावकाश, मग घाईघाईनं, मग एकदम बंद. आमच्या ऑफिसात स्टीलचं भांडं एकही नाही. मी वळून पाहिलं तर साउंडवाले काका छातीवर हात ठेवून हसत होते. "काळजाचं पाणी झालं माझ्या," ते म्हणाले, "एवढा आवाज आहे या क्लिपला, आणि तुम्ही लोक आठ महिने ती मुकी चालवताय?" त्यांच्या स्क्रीनवर माझी मुलगी सोफ्याची पाठ धरून उभ्या उभ्या उड्या मारत होती. मी म्हटलं, "पुन्हा लावा." त्यांनी लावली. पुन्हा ठण्ण झालं. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या, काचेच्या केबिनमधून साहेबांनीही पाहिलं. क्लिपमध्ये स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई दचकल्या, मोबाइल धरलेला माझा हात हलला म्हणून सगळी खोली जराशी हलली. मुलगी लाल चेंडूकडे बघत होती. ती चेंडूकडे बघतच राहिली. झाकण चार सेकंद गरगरलं. "पोरगी धीट आहे हो तुमची," काका म्हणाले, "ढिम्म हलली नाही." मी म्हटलं, "हो, धीटच आहे." मग कप उचलला आणि होता तिथंच परत ठेवला.

ही क्लिप बावीस सेकंदांची आहे. सेकंदाला तीस चित्रं, म्हणजे सहाशे साठ. ऑफिसात तिला सगळे 'लाल चेंडू' म्हणतात. आम्ही चष्मा बनवतो. तो घालून कारखान्यातल्या फिटरनं मशीनकडे पाहिलं की कुठला बोल्ट, कुठला व्हॉल्व्ह हे त्या त्या वस्तूवर चिकटलेल्या हिरव्या पाटीवर त्याला दिसायला हवं. चष्म्याला स्वतःला एवढं डोकं नसतं. तो जे बघतो ते पाठवतो, दुसरं कुणीतरी ते ओळखतं, मग उत्तर परत येतं. तोवर फिटरनं मान वळवलेली असते आणि पाटी बोल्टाच्या शेजारी हवेत लोंबकळत असते, बस चुकलेल्या माणसासारखी. आधी हे ओळखण्याचं काम दूर कुठल्यातरी मोठ्या संगणकावर व्हायचं. मग आम्ही एक डबा खोलीतच कोपऱ्यात ठेवला आणि जाण्यायेण्याचा वेळ वाचवला. तरी उशीर उरलाच. तो मिलिसेकंदात मोजतात, सेकंदाचा हजारावा भाग. मोजायची पद्धत अगदी घरगुती आहे. चालू स्टॉपवॉच समोर ठेवायचं, चष्म्यातून दिसणारं तेच स्टॉपवॉच त्याच्या शेजारी, आणि दोन्हींचा मिळून एक फोटो काढायचा. एका फोटोत दोन वेळा येतात. वजाबाकी करायची. मी आले तेव्हा एकशे ऐंशी यायचे, आता बेचाळीस येतात. मधले एकशे अडतीस कुठं गेले ते मी बोटांवर मोजून सांगू शकते, कारण त्यातले निम्मेअधिक मीच काढलेत.

काढायचे म्हणजे कमी पाठवायचं. पहिल्यांदा आवाज काढला. पाटी चिकटवायला आवाज लागतो कुठं? मग मी दुसरी गोष्ट सुचवली. माणूस जिथं बघतोय तेवढाच भाग स्वच्छ पाठवायचा, बाकीचा ढोबळ. नोटमध्ये मी लिहिलं होतं, 'कडा धूसर चालतील.' साहेबांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि मीटिंगमध्ये म्हणाले, "बाई वर्षभर घरी बाळ सांभाळून आली, येऊन महिना झाला नाही तर अकरा मिलिसेकंद काढले. आणि तुम्ही इथं खुर्च्या उबवताय." सगळे हसले. मीही हसले. मला दूध भरून आलं होतं, आणि घड्याळाकडे न बघता मीटिंग किती वेळ चालेल याचा मी हिशेब करत होते. चाचणीसाठी अशी क्लिप हवी होती जिच्यात काहीतरी अचानक, वेडंवाकडं हलतंय. मी म्हटलं, तसलं माझ्या घरात दिवसभर हलत असतं. त्या संध्याकाळी जाऊन मी ती काढली. मुलगी तेव्हा तेरा महिन्यांची होती. आज एकवीस महिन्यांची आहे. मधल्या काळात ही सहाशे साठ चित्रं मी किती वेळा पाहिली असतील याची नोंद कुठंतरी डब्यात सापडेल. दोनशे चौदाव्या चित्रात चेंडू सोफ्याच्या कडेला आपटतो आणि दिशा बदलतो. तिथंच आमची पाटी मागं पडायची. झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन की दोनशे चौदाला चेंडू कुठं आहे.

काका जेवायला गेल्यावर मी हेडफोन लावले आणि मूळ क्लिप उघडली. झाकण पडतं ते दोनशे चौदालाच. खाली डावीकडे, अगदी कडेला. आम्ही रोज बघत होतो त्या क्लिपमध्ये तिथं एक करडा डाग आहे. तो डाग मला चांगला माहीत होता, कुणीतरी एकदा त्याला 'उंदीर' असं नावही दिलं होतं. मूळ क्लिपमध्ये तिथं आमचं झाकण आहे, त्याच्या कडेचा पोचासुद्धा दिसतो. आणि आवाजात मी आहे. "आई, लागलं नाही ना?" मी म्हणते. सासूबाई म्हणतात, "मला कुठलं लागतंय, फरशीला लागलं." मी हसते. म्हणजे मी तिथं होते, झाकण पडलेलं मी ऐकलं होतं, दचकलेही होते, आणि ज्या एकीकडे बघायला हवं होतं तिच्याकडे मोबाइल रोखून मी दुसरीकडे बघत होते. हे वाक्य मनात पूर्ण झालं आणि त्याचं काहीच झालं नाही. दाढ काढायच्या आधी हिरडी बधिर करतात आणि आपण जिभेनं चाचपत राहतो, गाल आपलाच आहे हे माहीत असतं, तेवढं. मी क्लिप बंद केली. तीन ईमेलना उत्तरं दिली. तिसऱ्यात एकानं विचारलं होतं की नजरेभोवतीचा स्वच्छ भाग आणखी लहान करता येईल का. मी लिहिलं, येईल.

घरात तिचं नाव आगाऊ. सासूबाईंनी ठेवलेलं. मी पर्स उचलली की ती चपला आणून ठेवते, सांगायच्या आधी. आजीनं कपाट उघडलं की ही टॉवेल ओढायला हजर. "आगाऊबाई, तुम्हाला कुणी बोलावलं होतं का?" सासूबाई म्हणतात, आणि ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघते आणि हसते. शेजारीपाजारी आम्ही कौतुकानं सांगायचो, तिला सांगावं लागत नाही. बोलत नाही अजून, पण सगळं कळतं तिला. लसीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, बोलते का, आणि मी हेच म्हटलं होतं, सगळं कळतं तिला. त्यांनी फॉर्मवर बरोबरची खूण केली. 'आई' म्हणताना ती माझ्यासारखेच ओठ करते, अगदी बरोबर, फक्त आतून जो आवाज येतो तो 'आई' नसतो. लाडात आलीय, असं आम्ही म्हणतो. आमच्या डब्यातसुद्धा शेवटचे वीस मिलिसेकंद असेच काढलेत. चेंडू आत्ता कुठं आहे हे कळायला वेळ लागतो, म्हणून तो कुठं जाईल याचा अंदाज बांधून पाटी आधीच तिथं ठेवायची. अंदाज जमला की बघणाऱ्याला उशीर दिसत नाही. साहेबांना दाखवताना आम्ही ते लपवत नाही, उलट त्याचंच कौतुक करून घेतो. आणि मुलगी जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक नर्स कानाशी लावायचं छोटं यंत्र घेऊन आली होती. बाळ रडत होतं, यंत्राला शांतता हवी होती. "नंतर करू," ती म्हणाली. घरी जायच्या कागदावर कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कान पुन्हा तपासणे'. तो कागद फाइलमध्ये आहे. फाइल कपाटात आहे. मी कुठलाही कागद हरवत नाही, याचं माझ्या आईला फार कौतुक.

संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा ती जमिनीवर ठोकळे घेऊन बसली होती, पाठ माझ्याकडे. मी दारातच थांबले. चप्पल काढली नाही, किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. हाक मारली. ती लगेच वळली आणि धावत आली. तिला उचलून घेतलं, तेव्हा इतक्या वेळात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. मग तिच्या खांद्यावरून समोर पाहिलं. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत दार दिसत होतं, दारात मी, माझ्या कडेवर ती. मी तिला खाली बसवलं. आतून चादर आणली आणि टीव्हीवर टाकली. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "हे काय? कुणी पाहुणे येणार आहेत का टीव्ही बघायला?" मी म्हटलं, "आई, तुम्ही जरा इथं बसा, हलू नका." "अगं पण झालंय काय?" "काही नाही. बसा ना." मुलगी पुन्हा माझ्याकडे पाठ करून ठोकळ्यांत रमली. मी दिवा माझ्या पाठीमागचा बंद केला, म्हणजे सावली पुढं पडणार नाही. पावलं टाकली नाहीत. हाक मारली. दोनदा. तिनं निळा ठोकळा पिवळ्यावर ठेवला. मी आणखी मोठ्यानं हाक मारली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. तिनं पिवळा काढून निळ्यावर ठेवला. किल्ल्या वाजवल्या, टाळी वाजवली. टाळीला तिनं मान जराशी उचलली, वाऱ्यानं पडदा हलल्यावर उचलेल तेवढी, आणि आजीकडे पाहिलं. आजी माझ्याकडे बघत होती, म्हणून मग तिनंही माझ्याकडे पाहिलं. मी मनात आकडे मोजत होते. चार सेकंद. आमच्या कामात याला काही म्हणत नाहीत, एवढ्या उशिराला आम्ही उत्तर आलंच नाही असं धरतो.

"खेळात गुंगलीय ती," सासूबाई म्हणाल्या. पण चादर त्यांनी काढली नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्यांनी दोनदा ताटावर चमचा वाजवला, कुणाला कळू नये असा. मला कळलं. मग बराच वेळ नळ चालू राहिला.

नवरा आला, त्याला मी सरळ सांगितलं, झाकण, क्लिप, टीव्ही, टाळी, या क्रमानं. तो बूट काढता काढता थांबला. "तुझं आपलं कायम काहीतरी," तो म्हणाला. "ताप आला की मेंदूज्वर, खोकला आला की न्यूमोनिया. माझा भाऊ चार वर्षांचा होईपर्यंत अवाक्षर बोलला नाही, आता फोन ठेव म्हटलं तर ठेवत नाही." "त्याला ऐकू येत होतं." "हिलाही येतं. बघ." आणि तो तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला, दोन्ही भुवया उंचावून म्हणाला, "बूट कुठं? बाबाचा बूट?" ती उठली, गेली, बूट आणला. तो माझ्याकडे बघून हसला. "झालं समाधान?" मी म्हटलं, "तुझ्या एका पायात बूट आहे. मीसुद्धा न ऐकता आणला असता." त्यानं तो बूट ओढून काढला. त्याचा राग मला दिसत होता, त्याच्या खालची भीतीही दिसत होती, आणि या दोन्हींशी आपला काही संबंध नसल्यासारखी मी उभी होते. तो वाईट माणूस नाही. पहिले सहा महिने रात्रीचे लंगोट त्यानंच बदलले. जेवताना तो म्हणाला, "महिनाभर थांबू. मग बघू." सासूबाई वाढत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "थांबायचं कशाला?" एवढंच. नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मी घास गिळला, त्याला चव नव्हती, पण खारट झालंय का असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं.

त्या आठवड्याचे उरलेले सगळे दिवस ऑफिसात झाकण पडत राहिलं. आता चष्म्यातून दूरच्या तज्ज्ञाचा आवाजही यायला हवा होता, म्हणून तर काकांना घेतलं होतं. आवाज आणि चित्र एकत्र येतात का हे बघायला एखादा ठोका लागतो, जो दिसतोही आणि ऐकूही येतो. आमच्या झाकणाइतका चोख ठोका त्यांना दुसरा मिळाला नाही. ठण्ण. डब्यात थोडा बदल करायचा. ठण्ण. आवाज एकशे दहा मिलिसेकंद मागं. ठण्ण. नव्वद. लोक सरावले. तिसऱ्या दिवशी कुणी मानसुद्धा वर करेना, तेव्हा साहेब म्हणाले, "आता या ऑफिसात भांडी घासणारी बाई ठेवली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही." मी हसले. माझ्या टेबलावरून स्क्रीन दिसत होता. स्क्रीनवरची माझी मुलगीही मान वर करत नव्हती. आम्हाला सरावायला तीन दिवस लागले होते.

शुक्रवारी काका पाण्याचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि उगाच उभे राहिले. "मी त्या दिवशी धीट म्हणालो," ते म्हणाले. "ते मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, "का?" ते म्हणाले, "का ते तुम्हाला माहितीय." मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर एक पत्ता होता. तीस वर्षं स्टुडिओत बसून त्यांचा डावा कान निम्मा गेला होता, ते तिथं दर सहा महिन्यांनी जातात. "बाई चांगली आहे. गोड बोलत नाही. हे वय फार महत्त्वाचं असतं म्हणते ती. कान नसला तर भाषा दाराशी उभी राहते आणि कंटाळून निघून जाते, असं काहीतरी." मी विचारलं, "किती वेळ उभी राहते?" माझा आवाज मीटिंगमध्ये असतो तसा होता. काकांनी ग्लास टेबलावर ठेवला. "मुली," ते म्हणाले, आतापर्यंत ते मला मॅडम म्हणायचे, "ते तिलाच विचार. पण उद्याच विचार."

शनिवारी आम्ही तिघं गेलो. नवरा येणार नव्हता, मग आला. खोली लहान होती, भिंतींना जाड करडं कापड लावलेलं. दार लागलं आणि बाहेरचा रस्ता पुसला गेला, माझ्याच श्वासाचा आवाज मला मोठा वाटायला लागला. तपासणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. आधी फॉर्म भरायचा होता. जन्माचं वजन, कावीळ, घरात कुणाला त्रास, मी भराभर भरत गेले. मग एक ओळ होती: 'पालकांच्या प्रथम लक्षात आले ती तारीख.' पेन तिथं थांबलं. मला दोन तारखा माहीत होत्या. एक गेल्या सोमवारची, दुसरी आठ महिन्यांपूर्वीची, मिनिटासकट. दोन्हींना एका रकान्यात बसवायला जागा नव्हती. वजाबाकी करता येत होती. दोनशे बेचाळीस दिवस. "ते राहू दे," बाई म्हणाल्या, "आई-बापांची ती ओळ रिकामीच असते. पुढे तिला झोपवून यंत्रानं तपासायचंय, ते सांगेल ते खरं. त्याआधी मला एक बघू दे. तिला समोर बसवा. इतकी जवळ." मी तिला छोट्या खुर्चीवर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. नवरा कोपऱ्यात तिचे बूट हातात घेऊन उभा होता.

"आता कागद तोंडासमोर धरा. नाकापर्यंत. डोळे दिसू देत, नाहीतर घाबरेल. आणि हाक मारा, घरी मारता तशी." माझ्या हातात फॉर्म होता, तोच धरला. कागदाला नवीन शाईचा वास येत होता. मुलगी माझ्या डोळ्यांकडे बघत होती, हात मांडीवर नीट ठेवून, वर्गात पहिल्या बाकावर बसतात तशी. मी हाक मारली. माझ्या श्वासानं कागद हलला, तिनं कागदाच्या हलण्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळ्यांकडे. मी पुन्हा हाक मारली. "जरा मोठ्यानं," कोपऱ्यातून नवरा म्हणाला. मी मोठ्यानं मारली. तिचं खरं नाव, मग आगाऊ, मग पाळण्यात असताना मी म्हणायचे ते एक निरर्थक नाव, जे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. कापडाच्या भिंती सगळं गिळत होत्या. "आणखी," असं नवरा म्हणाला नाही. त्याच्या हातातला एक बूट खाली पडला आणि त्यानं तो उचलला नाही. मुलगी शहाण्यासारखी थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, हट्ट नव्हता. काहीतरी सुरू व्हायचं आहे आणि मोठ्या माणसांना वेळ लागतो, हे तिला ठाऊक असल्यासारखी ती बसली होती. मग तिनं हात पुढे केला, दोन बोटांनी कागदाची वरची कड धरली आणि हळूच तो खाली ओढला. माझ्या ओठांकडे पाहिलं. आणि मी बोलायला लागायची वाट बघत राहिली.